सोडून दिलेला नंबर

गावात बासष्ट घरं होती आणि नर्सबाई रोज सकाळी बासष्टही दारांत चार-चार मिनिटं उभी राहत असे. त्यातल्या निदान पन्नास दारांत तिचं काडीचंही काम नसे. अर्ध्या मिनिटात विचारपूस उरकायची. तब्येत कशी? बरी. ताप? नाही. उरलेली साडेतीन मिनिटं दोघांनी एकमेकांकडे बघत काढायची. निवृत्त मास्तर त्या वेळात आपल्या बद्धकोष्ठाचा पुढचा अध्याय सांगत. लोहाराची बायको तिला भांडणात साक्षीला उभी करी. नवरा आत, बायको दारात आणि मध्ये नर्सबाई, तोंडाला दुहेरी फडकं, नाकावर त्याचा वळ, आणि स्पिरिटने हातांची सालं निघालेली.

या उभं राहण्याला कारण होतं. साथ आली तेव्हा पहिला रुग्ण निघाला शिंपी. त्याचं नाव कोणाच्या तोंडून फुटलं ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी गावाने त्याने शिवलेले कपडे त्याच्या अंगणात आणून जाळले. त्यात तीन वर्षांपूर्वी शिवलेल्या विजारीही होत्या. साथ तेव्हा जन्मालाही आली नव्हती, पण विजारींना बाजू मांडायची सोय नव्हती. शिंप्याच्या बायकोला कोणी नळावर येऊ देईना. तो बरा झाला आणि बिऱ्हाड उचलून निघून गेला.

त्या दिवसापासून गावातला ताप गेला. कोणालाच ताप येईना. दोन माणसं ताप नसताना मेली.

तेव्हा नर्सबाईने गाव शाळेच्या ओट्यासमोर लांब-लांब बसवून शब्द दिला. अंगात काही वाटलं तर मला सांगा. नाव माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही, माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा नाही. आणि ती कोणाच्या दारात थांबते यावरून गाव ताडेल म्हणून तिने सगळ्याच दारांत सारखं थांबायचं ठरवलं. आठ दिवस गावाने दुरून तिची मिनिटं मोजली. मग हिशेब लागेना तेव्हा नाद सोडला आणि गावाला पुन्हा ताप येऊ लागला. तापाच्या बातमीने आनंद झालेली ती त्या भागातली एकटीच नर्स असावी.

गहू कापून पडला तेव्हा मशीनवाल्याचा अहवाल आला.

मशीनवाला म्हणजे गावातल्या एकुलत्या एक मळणीयंत्राचा धनी. यंत्र त्याच्या बापाच्या वेळचं होतं. सुरू कसं करायचं ते त्यालाच ठाऊक होतं. दुसऱ्या एकाने हौसेने हात घातला तेव्हा दोन बोटं यंत्राने ठेवून घेतली होती, तेव्हापासून कोणी हौस केली नाही. चार दिवसांपूर्वी त्याने आपणहून तिला सांगितलं होतं की डिझेलचा वास येत नाही. आयुष्यभर डिझेलात राहिलेल्या माणसाला त्याचा वास येईनासा झाला म्हणजे काय ते तिने ओळखलं आणि नमुना पाठवला.

तिने दारात हळू आवाजात निकाल सांगितला. चौदा दिवस घर सोडायचं नाही. तो भिंतीला टेकून ऐकत होता. धिप्पाड माणूस, पण त्या वेळी कोणीतरी हवा सोडल्यासारखा दिसला.

"नाही सोडत," तो म्हणाला. "शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सतराव्या दारात असताना लोहाराच्या रानाकडून मशीनची घरघर ऐकू आली.

आभाळ रात्रीतून भरून आलं होतं. अवेळी आलेले, जड, गाभण म्हशीसारखे ढग. लोहाराच्या खळ्यावर दहा-बारा माणसं भुशाच्या धुरळ्यात उभी राहून खोकत होती. मळणीत न खोकणाऱ्या माणसाचाच संशय यावा, अशी ती जागा. मशीनवाला तोंडाला फडकं बांधून मधोमध उभा होता, आणि त्याच्यापासून तीन हातांवर लोहाराचा म्हातारा बाप पेंढ्या देत होता.

सगळ्यांसमोर बोलायची सोय नव्हती. तिने सगळ्यांचीच बोटं तपासायची आहेत असं जाहीर केलं, रक्तातला प्राणवायू मोजायची चिमटी काढली आणि एकेकाला बाजूला घेतलं. त्याची वेळ आली तेव्हा चिमटीवर चौऱ्याण्णव आलं.

"काल म्हणालात, जाणार नाही," ती पुटपुटली.

"काल ढग नव्हते."

"तुमच्या शेजारी कोण उभं आहे बघा तरी."

"मग सांगा त्याला." फडक्याआड तो हसला असावा. डोळे बारीक झाले. "शाळेपुढे शब्द दिलाय ना तुम्ही? मी होतो तिथे. टाळी पहिली मीच वाजवली." मग त्याचा आवाज उतरला. "बाई, मी बसलो तर चाळीस खळी जागेवर कुजतील. तापाने माणसं मरतील न मरतील, उपाशी राहिली तर नक्की मरतील. आता तुम्हीच सांगा, बसू?"

तिने चिमटी स्पिरिटने पुसली. तो परत गेला आणि मशीनचा आवाज वाढला.

डॉक्टर तीन गावं पलीकडे होते, अठ्ठावीस खाटांवर एकेचाळीस माणसं सांभाळत. फोन सातव्या प्रयत्नात लागला. तिने नाव न घेता अडचण सांगितली. डॉक्टर म्हणाले, नियम स्पष्ट आहे. रुग्णाची ओळख उघड करायची नाही आणि प्रसार होऊ द्यायचा नाही. तिने विचारलं, दोन्ही? डॉक्टर म्हणाले, दोन्ही. तिने विचारलं, कसं? पलीकडे कोणीतरी ओरडत होतं. डॉक्टर म्हणाले, ते स्थानिक पातळीवर ठरवा, आणि फोन ठेवला. स्थानिक पातळी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.

मळणीचा उद्याचा नंबर तिच्या स्वतःच्या घराचा होता.

घरात दोघंच, ती आणि सासरे. नवरा शहरातल्या गिरणीत होता, रस्ते बंद झाल्यापासून तिकडेच अडकलेला. सासऱ्यांच्या छातीत दोनदा कळ येऊन गेली होती. डॉक्टरांनी त्यांना जिना चढू नका म्हणून बजावलं होतं आणि गावात जिना नसल्यामुळे त्यांनी तो सल्ला तंतोतंत पाळला होता. पण मळणीच्या दिवशी मशीनच्या तोंडाशी उभं राहून पेंढ्या द्यायचं काम त्यांनी कधी कोणाला दिलं नव्हतं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते अंगणात पेंढ्यांचे बंध तपासत होते. खळं सारवून झालं होतं. पोती झटकून वाळत घातलेली होती. माणूस खुशीत होता.

तिने बाहेरच अंगावरचे कपडे उतरवून उकळत्या पाण्यात टाकले, आंघोळ केली, कोपरापर्यंत हात पुन्हा धुतले. मग परत एकदा धुतले. सासरे बघत होते.

"आबा, उद्या मशीन नको."

"का?"

"नको म्हणते ना."

"आभाळ बघितलंस?"

"बघितलं."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. शेताच्या दिशेला मशीन अजून चालू होतं. थोडा वेळ ते तिकडे कान लावून बसले.

"बरं," ते म्हणाले.

चपला घालून ते बाहेर गेले आणि घटकाभराने परत आले. गुडघा धरलाय असं सांगून नंबर सोडला, एवढंच म्हणाले. तिने पुढे विचारलं नाही. घासाघासाला अडकणारं जेवण त्या दिवशी सरळ खाली उतरलं आणि ती पोटभर जेवली. पुढे तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की ती त्या दिवशी पोटभर जेवली होती.

सकाळी फेरीत एकोणिसावं दार कुंभारीण आजीचं. आजी एकटी. नवरा, चाक, भट्टी सगळं मागे पडलं होतं. घरामागे गव्हाचा एक पट्टा आणि छातीत वीस वर्षांचा दमा, एवढं उरलं होतं. चार शब्द झाले की तिला थांबावं लागे, त्यामुळे ती बोलायची ते मोजून आणि टोचेल असं. आज मात्र ती अंगणात पदर खोचून, डोक्याला फडकं गुंडाळून उभी होती आणि चक्क हसत होती.

"तुझा सासरा देवमाणूस आहे ग," ती म्हणाली आणि थांबली. श्वास घेतला. "माझा नंबर शेवटून दुसरा होता. माझ्या मागे कोण आहे भांडायला? काल संध्याकाळी माणूस आला सांगत, आबांनी नंबर सोडलाय, लोहारानंतर म्हातारीचं काढून घ्या म्हणाले. पावसाच्या आत." पुन्हा श्वास. "स्वतःचा गहू तसाच ठेवून. कोण करतं असं?"

नर्सबाईने विचारलं, पेंढ्या कोण देणार मशीनला?

"मीच. दुसरं कोण आहे? मशीन आलंय बघ मागे."

उरलेली तीन मिनिटं त्या दारात उभं राहायचं बाईला जमलं नाही. ती वळली आणि घराकडे निघाली. चालता चालता पळू लागली. नर्स पळताना दिसली की काय समजायचं ते गाव समजलं आणि चार-पाच दारं फटाफट लागली.

सासरे ओसरीवर बसले होते. धडधाकट गुडघ्याला पट्टी गुंडाळून वर हळदीचा हात फिरवलेला. माणूस खोटं बोलला तरी काम अर्धवट सोडणारा नव्हता.

"नंबर आजीला का दिलात?"

"लोहारानंतर आपला, आपल्यानंतर यादीत कोणीतरी. मी म्हटलं, म्हातारीला द्या. बिचारीला मागे कोणी नाही."

"तिला दमा आहे, आबा."

"मशीन नको, एवढंच तू मला म्हणालीस." ते शांतपणे म्हणाले. "मशीनचं इंजिन बिघडलंय की मशीनवाला, ते मी विचारलं का? नाही विचारलं. विचारलं असतं तर तुला शब्द मोडावा लागला असता. म्हटलं, पोरीचा शब्द राहू दे."

ती ओसरीच्या खांबाला धरून श्वास लागल्यासारखी उभी राहिली.

"पण शब्द तर कालच मोडलास तू," सासरे म्हणाले. "घरात मोडला, म्हणून आवाज झाला नाही."

"तुमच्या छातीत दोनदा…"

"माहीत आहे. म्हणूनच तर हे बांधून बसलोय. मला जगायचंय. लाज वाटते, ती वेगळी." त्यांनी पट्टीचं टोक उगाच ओढून घट्ट केलं. "जा आता. मशीन सुरू झालं की तुझं कोणाला ऐकू जायचं नाही."

आजीच्या खळ्यावर सात माणसं होती. पाच गडी, आजी आणि मशीनवाला. तो दांडा फिरवत होता, यंत्र नुसतंच गुरगुरून गप्प होत होतं, आणि दर वेळी तो वाकून, गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होता. आजी छातीशी पेंढी धरून, बाळंतिणीसारखी, मशीनच्या तोंडाशी उभी होती.

"मशीन सुरू करू नका," नर्सबाई म्हणाली.

सगळे बघू लागले. एका गड्याने का म्हणून विचारलं.

येताना वाटेत तिने तीन-चार सबबी जुळवल्या होत्या. वाऱ्याची दिशा, वरचा हुकूम, यंत्राचा पट्टा. त्यातली एकही तोंडात येईना.

"काल मला एक गोष्ट कळली," ती म्हणाली. "म्हणून मी आबांना नंबर सोडायला लावला. त्यांचा गुडघा चांगला आहे. जे मशीन माझ्या घरी नको, ते आजीच्या घरी चालेल असं मी ठरवलं नव्हतं, पण झालं तेच. एवढंच सांगायला आले. नाव विचारू नका. मी सांगणार नाही."

नाव विचारायची गरज कोणालाच वाटली नाही. खळ्यावरच्या सातांपैकी सहा माणसं एकेक पाऊल मागे सरकली आणि सातवं जिथल्या तिथे राहिलं.

मशीनवाल्याने दांडा काढून खांद्यावर टाकला. "नाव नाही घेतलंत," तो म्हणाला. "शब्दाला जागलात." कोणाकडेही न बघता तो कापलेल्या रानातून, खुंटांवरून घराकडे गेला. मध्ये एकदा थांबला. लोकांना वाटलं मागे वळून काही बोलेल. तो फक्त दम घेत होता.

गडी लगेच पांगले. दोघं तर थेट नळावर गेले आणि कपड्यांसकट नळाखाली बसले. आजी तशीच उभी होती.

"आणि माझा गहू?"

नर्सबाईने खाली पाहिलं.

"आबाला काल कळलं. मला आज." आजी थांबली, श्वास घेतला. "मधे मशीन सुरू होऊन मी मेले असते तर कोणाच्या नावावर लिहिलं असतंस?"

मग तिने अंगणातला पाटा कलता करून ठेवला आणि पेंढी त्याच्यावर आपटायला सुरुवात केली. दर चार घावांनी थांबत होती. नर्सबाई हात लावायला पुढे झाली तेव्हा म्हणाली, "तू नको." यात राग नव्हता. नुसतं सांगणं होतं, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी गावाची तब्येत पुन्हा एकदा उत्तम झाली. बासष्ट दारं, बासष्टही बंद. आतून आवाज येई, सगळे बरे आहेत, पुढे जा. मास्तरांचं पोटसुद्धा साफ झालं होतं. लोहाराच्या घरातून खोकल्याचा आवाज येत होता. विचारल्यावर भाता चालू आहे म्हणून सांगितलं. अंगणाअंगणांतून गहू आपटल्याचे आवाज उठत होते, बायका-माणसं तोंड बांधून, पाठी वाकवून, ढगांशी शर्यत लावत. पाऊस अजून पडत नव्हता आणि जातही नव्हता.

तिसऱ्या दिवशी मशीनवाल्याच्या बायकोने दार बोटभर उघडलं. त्यांना काही झालेलं नाही, ती म्हणाली, झोपलेत. खिडकीतून खाट दिसत होती. नर्सबाई जागेवरून त्याच्या छातीचं वर-खाली होणं मोजू लागली. मिनिटाला चौतीस. झोपलेला माणूस असा धावत नाही.

"बोट बघू द्या," ती खिडकीतून म्हणाली.

"कशाला?" आतून आवाज आला. एकेक शब्द ओझ्यासारखा उतरवत होता. "नाव घेतलं नाही ना तुम्ही माझं? मग मी आजारी नाही."

ती पायरीवर बसली. त्याची बायको दाराआड उभी होती. तिने एकदा पाण्याचा तांब्या फटीतून बाहेर सरकवला, नर्सबाईने तो घेतला, पण फडकं काढता येत नव्हतं म्हणून तसाच शेजारी ठेवला. गल्लीतून जाणारा एक माणूस तिला तिथे बसलेली बघून आल्या पावली परत गेला. ऊन ढगांतून यायचं, जायचं. आतला श्वास ऐकू येत होता, करवतीने ओलं लाकूड कापल्यासारखा.

बऱ्याच वेळाने खाट करकरली. दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. काळं, डिझेल मुरलेलं बोट. तोंड पलीकडे होतं.

"फक्त बोट. बोलायचं नाही."

तिने चिमटी लावली. आकडा खाली-वर झाला आणि थांबला. चौऱ्याऐंशी.

"किती?" त्याने विचारलं.

चौऱ्याण्णव म्हणावं असं तिच्या मनात येऊन गेलं. म्हटलं असतं तर त्याची बायको निदान घोटभर पाणी प्यायली असती, तोही गाडी येईपर्यंत शांत पडला असता. अशी खोटी सांत्वनं तिने या महिन्यात कितीतरी दिली होती.

"चौऱ्याऐंशी."

"वाईट?"

"वाईट."

हात फटीतच राहिला. तिने फोन लावला. दवाखान्यात खाट मिळेल, तिकडून गाडी निघाली, पण गल्लीत गाडी शिरणार नाही, शाळेपर्यंत आणा. त्याला पालथं झोपायला सांगून ती चार दारं ठोठावून आली. खाट उचलायला चार माणसं लागतात, आणि गावात त्या दिवशी चार माणसं नव्हती. शेवटी भुसा वाहायची हातगाडी काढली, तिच्यात गोधडी टाकली आणि दोघी बायकांनी त्याला काखेत धरून बसवलं. त्याच्या बायकोने वर चादर घालायला घेतली. त्याने ती बाजूला केली.

"मागच्या वाटेने न्या," तो म्हणाला.

"मागे चाक रुततं. वेळ नाही."

त्याने गल्लीकडे पाहिलं. अकरा घरं ओलांडायची होती.

"मग तुम्ही पुढे राहा," तो म्हणाला. "ज्यांना बघायचंय त्यांना आधी तुम्हाला बघू द्या."

ती दांड्यांच्या मध्ये शिरली. त्याची बायको मागून ढकलू लागली. पहिल्या घरापाशी दार फटीएवढं उघडलं, दुसऱ्यापाशी तेवढंही नाही. तिसऱ्यापाशी कोणीतरी आतून काहीतरी बोललं आणि ते नर्सबाईबद्दल होतं. तिने मान खाली घालून ओढलं. पाचव्या घरापाशी सासरे तोंड बांधून उभे होते. ते दांड्याला हात लावायला आले तेव्हा ती म्हणाली, "आबा, लांब राहा." ते लांब राहिले. पण दहा पावलं पुढे होऊन गाडीच्या वाटेतले दगड पायाने बाजूला सारत चालू लागले, एकेक, कडेपर्यंत.

नवव्या घराच्या अंगणात कुंभारीण आजी गहू आपटत होती. वारा गल्लीकडे वाहत होता आणि भुशाचा धुरळा थेट रस्त्यावर येत होता. गाडी समोर आली तेव्हा आजीने पेंढी वर उचलली होती. तिने गाडीत पाहिलं. नर्सबाईकडे पाहिलं नाही.

पेंढी तिने तशीच डोक्यावर धरून ठेवली. धुरळा खाली बसला, गाडी पुढे गेली, मागून ढकलणारी बाई पुढे गेली, आणि मग आजीने पेंढी पाट्यावर आपटली.